सुतळीचं वजन

नमस्कार श्रोतेहो. आज आमच्या घरच्या सुतळीच्या कारखान्याबद्दल बोलते. पंचवटीत पत्र्याची शेड होती. आत शिरलं की तागाला चोळलेल्या तेलाचा वास यायचा. बंगालात हुगळीकाठी रिश्र्याला १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली. त्या भागातलं सूत रेल्वेने नाशिकरोडला उतरायचं. आम्ही पदर जुळवून पीळ भरायचो. सुताचा पीळ एका बाजूचा, सुतळीचा उलट बाजूचा. उलट बाजूचा, म्हणून ती उलगडत नाही. फाळणीत गिरण्या इकडे राहिल्या, तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली. ती टंचाई आजोबांनी सोसली.

पण मला सांगायचीय ती वजनाची गोष्ट. सुतळी वजनावर विकतात, हे ध्यानात ठेवा. वजनावर.

एका वैशाखात पिंपळगावचे एक व्यापारी तणतणत आले. "दादा, श्रावणात पन्नास किलोचा गठ्ठा नेला, आज पंचेचाळीस भरतो. पाच किलो कुठे गेले?" आजोबांनी आधी पाणी दिलं. मग सुतळीचा एक तोडा, म्हणजे लड, तोलून पत्र्यावर उन्हात टाकला. दुपारी पुन्हा तोलला. पारडं वर गेलं, तोडा हलका झाला होता. "आता मुक्काम करा," म्हणाले. रात्री पिठलं-भाकरी झाली. तोडा रांजणाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टांगलेला. पहाटे दोघं कंदील घेऊन तराजूपाशी. मी आजोबांच्या धोतराला धरून उभी. पारडं खाली बसलं. ताग हवेतली ओल पितो, श्रोतेहो, आणि उन्हात सोडतो. व्यापाऱ्यांनी तोडा हातात घेतला, नाकाला लावला, गप्प राहिले.

आजोबा म्हणाले, "चोरी नाही, पण पैसे मी पावसाचे घेतले." त्यांनी पाच किलो सुतळी काढून दिली.

टोमॅटो बांधायला आता प्लॅस्टिकची सुतळी आली. ती बोटं कापते आणि वर्षानुवर्षं रानात पडून राहते. तागाची कुजून माती होते. मला हे पटत नाही, आणि मी बोलणार. घरीसुद्धा पुड्याची सुतळी कात्रीने कापू नका. गाठ सोडवा, गुंडाळून ठेवा.

त्या वर्षापासून आमच्या पावतीवर एक नवं सदर आलं, आजोबांच्या हस्ताक्षरात: 'ओल वजा'. श्रावण-भाद्रपदात ते भरायचं काम माझं होतं.