ओली माती, ओढा आणि छोटं विद्यापीठ

(दृश्य: तळहातावर ओली माती)

मूठभर माती घ्यायची, थोडं पाणी शिंपडून कणकेसारखी मळायची आणि अंगठा नि तर्जनीत दाबत तिची पट्टी काढायची. लांब निघाली तर चिकणमातीचं प्रमाण जास्त. लगेच तुटली आणि बोटांना खरखर जाणवली, तर वाळू जास्त. नैसर्गिक संसाधन संवर्धनाचा हा धडा फळ्यावर शिकवता येत नाही. प्रत्येकाचे हात भरावे लागतात आणि शेजारी उभं राहून ‘अजून थोडं पाणी घाल’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

हा विषय शिकायला मोठ्यापेक्षा छोटं विद्यापीठ इथेच उजवं ठरतं. तुकडीत मोजकीच मुलं. पोकळ गिरमिट खोडात फिरवायची पाळी प्रत्येकावर येते. आतून लाकडाची बारीक काडी निघते, तिच्यावर वाढीच्या रेषा. पट्टा चिंचोळा दिसला की मुलं म्हणतात, दुष्काळ! पण कीड पडली असेल, किंवा शेजारच्या झाडांनी ऊन अडवलं असेल. एका झाडावरून ठरवायचं नाही, हे तिथेच उमगतं.

(दृश्य: ओढ्यात गुडघाभर पाण्यात विद्यार्थी)

छोट्या विद्यापीठाच्या अशा विभागात माती शिकवणारे आणि पाणी शिकवणारे शिक्षक बरेचदा एकच असतात. मला ही मोठी जमेची बाजू वाटते. उतारावरची माती वाहून गेली की ओढा गढूळ होतो, दगडांमधल्या फटी गाळाने बुजतात आणि तिथे राहणारी स्टोनफ्लाय या किड्याची पिल्लं नाहीशी होतात. या किड्यांना स्वच्छ, ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं. म्हणून दगड उलटा करून खाली काहीच सापडलं नाही, तर मुलांनी वर चढून उतार पाहायचा.

१९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी त्यांनी कस गेलेली शेतजमीन विकत घेतली आणि घरच्यांसह तिथे वर्षानुवर्षं झाडं लावली. विद्यापीठ मोठं होतं, पण हे काम एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जाण्याचं होतं.

महागडी उपकरणं छोट्या विद्यापीठात कमी असतात, विषयांची निवडही मर्यादित. प्रवेश घेण्याआधी ते तपासाच. आणि एक नक्की विचारा: दरवर्षी विद्यार्थी पुन्हा मोजतात असा जंगलाचा एखादा तुकडा तुमच्याकडे आहे का? असेल, तर जुन्या नोंदवह्या बघायला मागा.