दत्तजयंतीची भरती

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका स्तंभलेखकाविषयी बोलायचं आहे. नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर दापोली तालुक्यातल्या एका छोट्या साप्ताहिकात ते लिहू लागले. सुरुवातीला आंब्यावरचा तुडतुडा, एसटीच्या फेऱ्या, गावचे रस्ते असे विषय असत. 1997 साली पृथ्वी तापवणारे वायू कमी करण्याचा क्योटोचा करार झाला आणि त्यांना त्यांचा विषय सापडला. पृथ्वी तापते आहे ही ओरड खोटी आहे, हे ते पुढची वीसेक वर्षं लिहीत राहिले.

मी त्या साप्ताहिकात मुद्रितशोधक होतो. त्यांचा प्रत्येक लेख छापण्याआधी मी वाचला आहे. (मुद्रितशोधकाची जागाच आता बहुतेक वर्तमानपत्रांतून गेली. वाईट झालं. दुसऱ्याचं लिहिणं अक्षर-अक्षर वाचणारा एक माणूस छापखान्यात हवाच.)

गुरुजींचा एक पुतण्या इंग्लंडमध्ये होता. तो लंडनच्या ‘संडे टेलिग्राफ’मधली ख्रिस्तोफर बुकर यांची कात्रणं पाठवायचा. बुकर 1990 पासून 2019 पर्यंत त्या पत्रात दर आठवड्याला लिहीत होते आणि हवामानबदलाचं शास्त्र मानत नव्हते. गुरुजी ती कात्रणं वहीत चिकटवून ठेवत.

तर 2008 सालची गोष्ट. गुरुजींनी लिहिलं की 1998 पासून जगाचं तापमान वाढलेलंच नाही, दहा वर्षांत नाही, म्हणजे विषय संपला. लेख गाजला. आंबा बागायतदारांनी दुकानादुकानांत वाचून दाखवला. आणि पुढच्याच आठवड्यात हर्णै बंदरातले एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, अंक काखेत मारून कचेरीत आले. सत्तरीचे असतील. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गुरुजींना म्हणाले, “गुरुजी, दत्तजयंतीला रात्री बंदरावर याल काय? जेवूनखाऊन या.” एवढंच.

मार्गशीर्षातली पौर्णिमा. मी गुरुजींना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. थंडी चांगलीच होती, गुरुजींनी कानाला मफलर गुंडाळलेला. समोर सुवर्णदुर्ग चांदण्यात लख्ख दिसत होता. आता भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना मी काय सांगायची! तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला पाणी पुरतं चढलं. उधाणाची, म्हणजे सगळ्यात उंच चढणारी भरती. धक्क्याच्या आडोशाला, जिथे लाट फुटत नाही, तिथे तांडेल पायऱ्यांवर उकिडवे बसले. मी बॅटरी धरली. पाणी जिथे टेकलं होतं तिथे त्यांनी कोयत्याच्या टोकाने दगडावर आडवी रेघ ओढली, एकदा, दोनदा, तीनदा, दगडाची पांढरी भुकटी निघेपर्यंत. मग गुरुजींकडे कोयता दिला. “तुम्ही पण ओढा. उद्या म्हणाल, तांडेलाने खोटी खूण केली.” गुरुजींनीही ओढली.

“आता अष्टमीला या. संध्याकाळी सहाला.”

आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. आम्ही गेलो. दिवस मावळत होता, होड्यांवर कंदील लागत होते. भरती पुरी झाली होती, तरी पाणी रेघेच्या हात-दीड हात खाली. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती, दुसरं काय! तांडेलांनी त्या कोरड्या दगडावर तळवा ठेवला आणि विचारलं, “गुरुजी, दर्या आटला काय?”

गुरुजी गप्प. मी त्यांना एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही उधाणापासून मोजायला लागलात,” तांडेल म्हणाले. “उधाणापासून मोजलं तर दर्या रोज आटतोच.”

श्रोतेहो, मोजायला कुठून सुरुवात केली, हे आधी विचारा. 1998 हे साल म्हणजे उधाण होतं. 1997-98 मध्ये प्रशांत महासागरात फार जोराचा एल निनो झाला, समुद्राचं पाणी तापलं, त्यामुळे ते साल एकदम उंच गेलं. त्याच्यापुढची काही वर्षं त्याच्या शेजारी ठेवली तर सपाटच दिसणार. आंब्याचं बघा ना, ज्या वर्षी झाडं वाकली त्या वर्षापासून हिशेब धरला तर पुढे सगळी पडतीचीच वर्षं. पुढे 2016 साल 1998 च्या खूप वर गेलं आणि 2024 त्याच्याही वर. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाखांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या वर आहे. मोजायला कुठून सुरुवात केली, हे विचारायचं, आणि सगळी वही बघायची.

गुरुजींनी काय केलं? पुढच्या शनिवारी बंदरावरची सगळी हकिगत लिहिली. रेघ, कोयता, अष्टमी, सगळं. 1998 पासून मोजणं चुकलं, हेही लिहिलं. मत मात्र सोडलं नाही. 2010 च्या जानेवारीत हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील हे विधान चुकीचं होतं, असं आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीने, कबूल केलं. तेव्हा त्यांनी लागोपाठ दोन लेख लिहिले. ती चूक होतीच, आणि त्यांनी ती दाखवली याचा मला आदर आहे. पण एका चुकीवरून सगळं शास्त्र खोटं ठरवणं हे पुन्हा उधाणापासून मोजणंच झालं. त्याच्या दोनच महिने आधी, 11 नोव्हेंबर 2009 ला, फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं होतं. कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. त्या वादळावर गुरुजींनी एक ओळ लिहिली नाही. ते मला आजही लागतं. अरबी समुद्राचं पाणी तापतं आहे आणि तापलेल्या पाण्यावर वादळं पोसतात, हे ज्या वाचकांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते हर्णै-पाजपंढरीचेच होते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, सगळी किनारपट्टी झोडपली. कितीतरी दिवस वीज नाही, फोन नाही. पाचव्या दिवशी मी चालत गुरुजींच्या वाडीत पोचलो. पडवीचं छप्पर उडालेलं. गुरुजी खुर्चीत बसून कागदावर लिहीत होते. लेख तयार होता. पहिलीच ओळ: माझ्या वाडीत 212 पोफळी पडल्या. हवामानाविषयी पुढे एक शब्द नव्हता, बाजूने नाही की विरुद्ध नाही. नुसती मोजदाद होती. पोफळी किती, माड किती, कोणत्या ओळीतले, कोणी कोणत्या साली लावलेले.

कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, “मोजून ये. तू शोधक आहेस ना?”

मी गेलो. चिखल, झावळ्या, मधोमध मोडलेली खोडं, सगळीकडे ओल्या सुपारीचा वास. दुपारपर्यंत मोजत होतो. मोठा रायवळ आंबा आडवा झाला होता, त्याच्याखाली आणखी दोन निघाल्या. परत येऊन सांगितलं, 214. गुरुजींनी पेन मागून घेतलं, 212 वर आडवी रेघ मारली आणि वर नवा आकडा लिहिला.