पाऊण युनिटाचा हिशेब

[दृश्य : सकाळची गर्दी. वाकडहून हिंजवडीकडे सरकणारी गाड्यांची रांग, उंचावरून.]

ही रांग रोजची. दहा फूट पुढे, मग ब्रेक. पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. यातल्या बहुतेक गाड्यांची चाकं थांबली तरी इंजिन चालूच आहे, कारण आत एसी हवा आहे. पेट्रोल जळतंय आणि गाडी जागेवर उभी आहे.

आता डावीकडच्या लेनमधली ही करडी गाडी पाहा. हिचं इंजिन बंद आहे, एसी मात्र चालू आहे. पुढची गाडी हलली की हीसुद्धा हलते, तरी इंजिनचा आवाज नाही. ही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालणारी गाडी. शोरूममध्ये तशाच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हिला बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. ते पैसे परत येतात का, कुणाला येतात आणि किती वर्षांनी, हे आपल्याला पाहायचं आहे.

[दृश्य : डॅशबोर्डवरचा पडदा. बाणांची दिशा बदलते.]

चालकाने ब्रेकवर पाय ठेवला. बाण चाकांकडून बॅटरीकडे वळला. साध्या गाडीत हा सगळा वेग ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णतेत जातो. इथे चाकांना जोडलेली मोटर त्याच क्षणी जनरेटर बनते, गाडीला मागे खेचते आणि वीज बॅटरीत पाठवते. सिग्नल सुटला की तीच वीज गाडी पुढे ढकलते. पेट्रोल आपण एकदाच भरलं, पण त्यातला एक हिस्सा पुन्हा वापरला. म्हणून हायब्रिडचा फायदा मुख्यतः तुमच्या रस्त्यावर ब्रेक किती वेळा लागतो यावर ठरतो. संपूर्ण हिशेबाचं मूळ इथे आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. भारतात ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी गाड्या माइल्ड हायब्रिड आहेत. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेली व्यवस्था तशीच होती. त्यात पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर इंजिनला हात देते, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करते. पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. माइल्ड आणि स्ट्राँगच्या अ‍ॅव्हरेजमध्ये खूप अंतर असतं. बुकिंगच्या पावतीवर यातलं नेमकं काय लिहिलंय, ते वाचूनच सही करा.

[दृश्य : वर्कशॉप. गाडी लिफ्टवर. नारंगी केबल.]

हे पुण्यातलं एक वर्कशॉप. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या या नारंगी केबलमध्ये उच्च दाबाची वीज असते. म्हणून फोरमननी आधी जाड रबरी हातमोजे तपासून घातले, बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि मग ते थोडे थांबले. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधला दाब पूर्ण उतरल्याशिवाय कुणी पाना लावत नाही. जवळच्या गॅरेजमध्ये हे हातमोजे आणि हे प्रशिक्षण आहे का, हे गाडी घेण्याआधी जाऊन पाहा. पुढची दहा वर्षं गाडी तिथेच जाणार आहे.

[दृश्य : मागच्या भागातलं आवरण निघतं. बॅटरीचा चौकोनी खोका.]

आणि ही ती बॅटरी, जिच्या नावाने सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या दोन्ही गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे आणि तिची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास आहे. म्हणजे घरच्या वीजबिलातलं साधारण पाऊण युनिट. पूर्ण विजेवर चालणाऱ्या आजच्या मध्यम गाडीत चाळीस-पंचेचाळीस युनिटांची बॅटरी असते, त्या मानाने ही फारच छोटी. सोसायटीच्या गच्चीवरच्या लहान टाकीसारखी ही दिवसभर भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. मात्र ती टाकी गाडीचा संगणक कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळाला जाऊ देत नाही. चार्ज मधल्या पट्ट्यात राखला जातो. बॅटरीला सगळ्यात जास्त झिजवतात ती दोन टोकं, पूर्ण भरलेलं आणि पूर्ण रिकामं. त्या टोकांपासून तिला रोज दूर ठेवल्यामुळेच ती वर्षानुवर्षं टिकते.

हे तंत्र काल-परवाचं नाही. टोयोटाने प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आणली. जानेवारी २०१७ संपेपर्यंत कंपनीच्या हायब्रिड गाड्यांची जगभरातली एकूण विक्री एक कोटीच्या पुढे गेली होती. अनेक देशांत याच गाड्या टॅक्सी म्हणून दिवसरात्र राबल्या. आपल्याकडे होंडाने सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणून पाहिली, प्रियस २०१० मध्ये आली. दोन्ही बाहेरून आणलेल्या, महाग, त्यामुळे रस्त्यावर फारशा दिसल्याच नाहीत. सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याजवळ हा विषय आला तो २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रिड आली, मग हायरायडर आणि ग्रँड विटारा, आणि वर्षअखेरीला इनोव्हा हायक्रॉस.

[दृश्य : जाळी. फोरमन ती बोटाने उचकटतात. फिल्टरवर धुळीचा थर.]

आता इथे थांबून नीट पाहा.

बॅटरीला थंड हवा लागते आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ती गाडीच्या आतूनच घेतली जाते. मागच्या सीटजवळची ही छोटी जाळी त्यासाठीच असते. तिच्यामागे फिल्टर, फिल्टरमागे पंखा. हा फिल्टर पाहा, मूळचा रंगही ओळखू येत नाही. रस्त्याची धूळ, सीट कव्हरचे धागे, घरच्या कुत्र्याचे केस. जाळीसमोर बॅगा रचून ठेवल्या तरी तोच परिणाम. हवा अडली की बॅटरी तापते, तापली की तिचं आयुष्य घटतं. फोरमननी फिल्टर काढला, ब्रशने झाडला, हवेने फुंकला आणि परत बसवला. काम काही मिनिटांचं. ज्या बॅटरीच्या भीतीने लोक गाडी घेत नाहीत, तिची रोजची काळजी म्हणजे एवढीच. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर ‘बॅटरीचा हवा-फिल्टर साफ करणे’ ही ओळ तुम्ही स्वतः लिहून घ्या.

[दृश्य : उघडलेला गिअरबॉक्स. दातेरी चक्रं हाताने फिरवली जातात.]

टोयोटाच्या व्यवस्थेचं मला सगळ्यात आवडणारं अंग आता समोर आहे. मधलं छोटं चक्र म्हणजे सूर्यचक्र, त्याला एक मोटर-जनरेटर जोडलेला. त्याच्याभोवती फिरणारी ही ग्रहचक्रं, त्यांची चौकट इंजिनला जोडलेली. आणि सर्वांत बाहेरचं हे वलय, ते दुसऱ्या मोटरला आणि चाकांना. तिन्ही अंगं कायम एकमेकांत अडकलेली असतात, दात कधी सुटत नाहीत. कुणी किती वेगाने फिरायचं एवढंच बदलतं आणि त्यावर इंजिनची किती ताकद थेट चाकांना जाईल, किती विजेत बदलेल हे ठरतं.

यात काय काय नाही, ते मोजा. क्लचप्लेट नाही. साध्या सीव्हीटीतला, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला, ताणला जाणारा पट्टा नाही. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याला इंजिनचा पट्टा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ज्या भागांवर पैसा जातो, त्यांतले कित्येक भाग इथे मुळात नाहीतच. ब्रेकचे पॅडही सावकाश झिजतात, कारण अर्धं काम मोटर करते. कोकणात मात्र याची उलटी बाजू आहे. ब्रेक कमी घासले जातात आणि हवा दमट, खारी, म्हणून डिस्कवर गंज लवकर धरतो. तिथे दर सर्व्हिसिंगला ब्रेक उघडून साफ करायला सांगा.

होंडाची पद्धत निराळी. सिटीच्या हायब्रिडमध्ये शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. हायवेच्या एकसारख्या वेगाला एक क्लच इंजिनला थेट चाकांशी जोडून देतो. मार्ग दोन, पण दोन्हीकडे इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं. आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा मिटते, त्यामुळे ताकद थोडी घटते पण इंधन कमी लागतं. घटलेली ताकद मोटर भरून काढते.

[दृश्य : बोरघाट. उतार. डॅशबोर्डवर बॅटरी पूर्ण भरलेली. इंजिनचा आवाज चढतो.]

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. एवढ्या उतारातून मिळणारी ऊर्जा त्या पाऊण युनिटाच्या बॅटरीत मावत नाही. घाट निम्मा उतरला तोवर बॅटरी भरली. ऐका, इंजिन घुमतंय. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नाही. गाडी इंजिनला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आहे, वेग आवरण्यासाठी. हा आवाज ऐकून अनेक जण घाबरून वर्कशॉपला फोन करतात. काळजीचं कारण नाही. लांब उतारावर गिअरच्या दांड्यावरचं ‘बी’ वापरा, ते याचसाठी दिलेलं आहे.

[दृश्य : पौड रस्त्यावरून दिसणारी वेताळ टेकडी.]

जाहिरातीतला अ‍ॅव्हरेजचा आकडा या टेकडीवरच्या, गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या नावाने येतो, एआरएआय. हायरायडर आणि ग्रँड विटाराचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, सिटीचा ती २०२२ मध्ये आली तेव्हा २६.५, हायक्रॉसचा २३.२४. ही चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यावर होते आणि जाहिरातीत येत आलेले आकडे एसी बंद ठेवून काढलेले आहेत. दोन गाड्यांची तुलना करायला ते उपयोगी. घरचा हिशेब मांडायला रस्त्यावरचाच आकडा घ्यावा लागतो.

[दृश्य : टॅक्सीचालक काकांची वही. शाईने लिहिलेल्या रकान्यांवरून कॅमेरा सरकतो.]

विमानतळाच्या फेऱ्या करणाऱ्या या काकांनी प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर किलोमीटर लिहून ठेवले आहेत. शहरातल्या फेऱ्यांचे दिवस आणि एक्सप्रेसवेचे दिवस त्यांनी वेगळ्या पानांवर लिहिले, आणि तसंच लिहायला हवं. साधारणपणे पेट्रोल गाडी शहरात अ‍ॅव्हरेज गमावते आणि हायवेवर कमावते. हायब्रिडला शहराची फारशी झळ लागत नाही.

आता आकडे मांडू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. साधी ऑटोमॅटिक गाडी गर्दीत लिटरला १२ किलोमीटर देते, हायब्रिड २० देते असं धरू. दोघींच्या किमतीतला फरक अडीच लाख धरू. तुमच्या पावतीवर फरक वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील.

वर्षाला १२ हजार किलोमीटर शहरात फिरणाऱ्याचं पेट्रोल १,००० लिटरवरून ६०० वर येतं. बचत ४१,६०० रुपये. अडीच लाख फिटायला सहा वर्षं. रनिंग दुप्पट, २४ हजार असेल तर तीन वर्षं. आणि फक्त रविवारी गाडी काढणारं घर, वर्षाला ६ हजार, त्यांना बारा वर्षं लागतील.

तेच १२ हजार किलोमीटर बहुतांश हायवेवर होत असतील तर? तिथे साधी गाडी १६ देईल, हायब्रिड २०. बचत १५,६०० वर येते आणि फरक फिटायला सोळा वर्षं लागतात. नोंदणीच पंधरा वर्षांची असते. नाशिक-पुणे किंवा सोलापूर रस्त्यावर सरळ धावणाऱ्या माणसाला केवळ बचतीसाठी हायब्रिड घ्यायला मी सांगणार नाही.

कर्ज असेल तर अजून एक ओळ. वरचे अडीच लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या हप्त्यांवर घेतले तर व्याजच साधारण ६१ हजार होतं. सहा वर्षांचा हिशेब साडेसात वर्षांवर जातो. म्हणून ही गाडी दर चार वर्षांनी बदलणाऱ्या कमी रनिंगच्या माणसाची नाही. रोज गर्दीत अडकणाऱ्या आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्या माणसाची आहे, आणि त्याला मी मनापासून घ्यायला सांगेन.

[दृश्य : हायरायडर आणि ग्रँड विटारा शेजारी शेजारी उभ्या.]

या दोन गाड्या बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यात तयार होतात. हायब्रिड यंत्रणाही एकच. जिच्या सर्व्हिस सेंटरला तुम्ही सहज पोचाल ती घ्या. मोठ्या कुटुंबाला, किंवा शहरात भाड्याने गाडी चालवणाऱ्याला हायक्रॉस आणि तिचीच जुळी, मारुतीची इन्व्हिक्टो. रोज ऑफिसला जाणाऱ्या, सामान कमी नेणाऱ्याला सिटी. तिची डिकी बॅटरीने बरीच खाल्ली आहे, बॅग घेऊन जाऊनच पाहा.

या कंपन्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. वर्षाला २४ हजार फिरणाऱ्याची वॉरंटी सात वर्षांच्या आतच किलोमीटरवर संपते. खरेदीच्या दिवशीच नव्या बॅटरीची किंमत लेखी मागा. सेकंड-हँड घेत असाल तर बॅटरीच्या तपासणीचा अहवाल, सर्व्हिसची नोंद आणि ती जाळी, तिन्ही पाहा. वॉरंटी पुढच्या मालकाला लागू होते का तेही लेखी घ्या. पुरात उभी राहिलेली हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

करांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के आहे, विजेच्या गाड्यांवर ५. संपलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.