हात धुऊन मागे लागलेल्या मदर मॅरिॲन

मंडळी, कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या मदर मॅरिॲन कोप म्हटलं की बहुतेक वक्ते थेट हवाईतल्या मोलोकाई बेटावर उतरतात. आपण आधी अमेरिकेतल्या सिरॅक्यूस शहरी थांबू, कारण बेटावर त्यांनी जे केलं त्याची तालीम तिथे झाली होती.

जन्म १८३८चा, जर्मनीतल्या हेपेनहाइमचा. मूळ नाव बार्बरा कोब. मूल तान्हं असतानाच घर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी गेलं. वडील अंथरुणाला खिळले तशी बार्बरा कारखान्यात कामाला लागली. मठात जायचं मनात होतं, पण ते जमलं वडील गेल्यावर, १८६२ साली. पुढे सिरॅक्यूसच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलचा कारभार त्यांच्या हाती आला. वैद्यकीय कॉलेजची मुलं तिथे शिकायला येऊ लागली तेव्हा त्यांनी अट घातली, की विद्यार्थ्यांना तपासू द्यायचं की नाही हे पेशंट ठरवेल. ही १८७०च्या दशकातली गोष्ट आहे. आपल्याकडच्या वॉर्डातला सकाळचा राउंड आठवून पाहा, म्हणजे या अटीची किंमत कळेल.

१८८३ साली हवाईच्या राजा कालाकाउआच्या वतीने कुष्ठरुग्णांसाठी सिस्टर्स मागणारं पत्र आलं. पन्नासेक संस्थांनी आधीच नकार दिला होता. ८ नोव्हेंबरला मदर मॅरिॲन सहा सिस्टर्सना घेऊन होनोलुलूत उतरल्या. काकाआको इथल्या हॉस्पिटलची सोय शंभरांची आणि आत दोनशेच्या वर माणसं. आधी घासूनपुसून जागा माणसांत आणली, मग व्यवस्थापकाकडे वळल्या. तो रुग्णांशी वाईट वागत होता. ‘एक तर हा जाईल, नाही तर आम्ही परत जाऊ’, असं त्यांनी सरकारला सुनावलं. तो गेला.

आता अवघड भाग. हवाईयन लोक या रोगाला ‘माइ पाके’ म्हणत, म्हणजे चिनी आजार. दुसऱ्या एका नावाचा अर्थ होता ‘कुटुंब तोडणारा आजार’. १८६५च्या कायद्याने रुग्णांना मोलोकाईच्या कालाउपापा भागात कायमचं धाडलं जाई. तिथे तीन बाजूंना समुद्र, चौथीला ताठ कडा. लोकांना रोगापेक्षा ही ताटातूट जास्त जाचत होती. कित्येक नवरे, बायका, आया धडधाकट असून सोबत बेटावर गेल्या. त्यांना ‘कोकुआ’ म्हणत. जेवण म्हणजे पोई, आपल्या अळवाचाच कंद शिजवून, कुटून केलेला लगदा, एकाच भांड्यातून सगळ्यांनी बोटांनी खायचा. अशा घरांतल्या माणसांना ‘दूर राहा, हात धुवा’ सांगणं म्हणजे नातं तोडा सांगण्यासारखंच. म्हणून १८८५ साली निघालेलं कापिओलानी होम महत्त्वाचं. रुग्णांच्या निरोगी मुलींना सिस्टर्सनी तिथे सांभाळलं.

काम मुख्यतः जखमांचं. कुष्ठरोगात नसा मरतात, पाय बधिर होतो. खडा टोचला, निखारा लागला तरी कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि तळव्याला भोक पडतं. जुनी पट्टी सुकी ओढली तर नवं मांसही निघून येतं, म्हणून आधी ती भिजवायची. कडेचा कठीण घट्टा मऊ करून कमी करायचा, आत काही रुतलंय का पाहायचं, स्वच्छ फडकं बांधायचं. मग पायावर भार नको. इथेच सगळं फसतं, कारण दुखत नसलेल्या पायाला विश्रांती द्यायला माणसाला पटवणार कसं?

त्यांच्या सिस्टर्सपैकी एकीलाही हा रोग झाला नाही. त्यांच्या आधीपासून मोलोकाईवर रुग्णांची सेवा करणारे पाद्री फादर डेमियन, त्यांना झाला. ते रुग्णांच्या भांड्यातलं पोई खात, आपला पाइपही त्यांना ओढायला देत. त्यावरून ‘हात धुतले म्हणून वाचल्या’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हा जंतू मुख्यतः उपचार न झालेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, नाकातोंडातल्या तुषारांतून पसरतो आणि शंभरातल्या सुमारे ९५ जणांना त्याचा उपजतच प्रतिकार असतो. हात धुण्याचा खरा फायदा रुग्णांना झाला असणार. एकाच्या जखमेतला पू दुसऱ्याच्या जखमेला लागला नाही.

नोव्हेंबर १८८८मध्ये मदर मॅरिॲन दोन सिस्टर्सना घेऊन कालाउपापात गेल्या. पाच महिन्यांनी डेमियन वारले आणि मुलग्यांचं वसतिगृहही यांच्याकडे आलं. मुलींच्या बिशप होममध्ये त्यांनी झाडं लावली आणि कापड मागवून मुलींना झगे शिवले, तेही चालू फॅशनचे. मरणाच्या वाटेवरच्या मुलींना फॅशन कशाला, असं वाटणाऱ्यांनी एकदा सोळा वर्षांच्या मुलीला विचारून पाहावं.

त्या बेटावरून परत गेल्या नाहीत. ९ ऑगस्ट १९१८ला तिथेच वारल्या. २०१२ साली संत ठरल्या. सल्फोन हे गुणकारी औषध कालाउपापात पोहोचलं १९४६मध्ये. विलगीकरणाचा कायदा मात्र उठला १९६९ साली, औषध आल्यावर २३ वर्षांनी. तोवर काहींचं घरच उरलं नव्हतं. ते तिथेच राहिले.