वहीची पाठ आणि पोट

मित्रहो,

हाताने जर्नल बांधून ते सजवण्याच्या छंदाचा विषय निघाला की बोलणे लगेच रंग, नक्षीदार चिकटपट्ट्या, कात्रणे आणि वाळवलेली फुले यांच्याकडे वळते. या गोष्टींची ओढ मलाही आहे आणि पुढे मी त्यांच्याविषयी बोलणारच आहे. पण माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. सजावटीचा विचार वही बांधून झाल्यावर करायचा नसतो. पानांवर पुढे काय चिकटणार, ती किती ओली होणार आणि त्यामुळे वही किती फुगणार, हे पहिला कागद कापण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. ज्या वहीच्या बाबतीत ते ठरलेले नसते, ती काही महिन्यांत पाठीकडे उसवू लागते किंवा पुढच्या कडेने कायमची उघडी राहते आणि आतल्या सुंदर पानांची मेहनत वाया जाते.

सुरुवात कागदापासून करू. कागदाची जाडी आपण ग्रॅममध्ये सांगतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन सांगतो. ‘ए’ मालिकेतील ए-० हा ताव बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्याचे सोळा भाग केले की ए-४ मिळतो. म्हणून ८० ग्रॅमच्या ए-४ कागदाचे वजन साधारण ५ ग्रॅम भरते. ही मापे १९२२ मध्ये जर्मनीत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण असे निवडलेले आहे की ताव मध्यावर दुमडला तरी ते बदलत नाही, आणि वही बांधणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो, कारण कितीही वेळा घडी घातली तरी पान बेढब होत नाही. केवळ लिहायचे असेल तर ८० ते १०० ग्रॅमचा कागद पुरतो. शाईचे पेन आणि थोडीफार चिकटवाचिकटवी असेल तर १२० ग्रॅमच्या आसपासचा घ्यावा, आणि जलरंग वापरायचे असतील तर २०० ते ३०० ग्रॅमच्या खाली उतरू नये. कागद जितका जाड, तितके कमी ताव एका फर्म्यात, म्हणजे एकात एक दुमडून एकत्र शिवायच्या तावांच्या गठ्ठ्यात, घालायचे. ८० ग्रॅमचे चार ताव एकात एक दुमडले की सोळा पृष्ठांचा फर्मा सहज तयार होतो. ३०० ग्रॅमचे दोनही पुष्कळ झाले, नाहीतर आतला ताव बाहेरच्या तावाच्या पुढे सरकून कड वेडीवाकडी दिसते.

आता मी ज्या गोष्टीवर थोडा रेंगाळणार आहे, ती म्हणजे कागदाचा ग्रेन, अर्थात त्यातील तंतूंची दिशा. यंत्रावर कागद तयार होत असताना त्यातील बहुतेक तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने लोळतात, आणि लाकूड जसे रेषेला धरून सहज चिरते, तसा कागदही त्या दिशेने सरळ फाटतो आणि सहज दुमडतो. ओलावा लागला की तंतू लांबीत जवळजवळ वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. म्हणून कागद ग्रेनला आडवा पसरतो. वहीच्या पाठीला ग्रेन समांतर असेल तर पाने मऊपणे उलटतात आणि खळ लागली तरी पाठीजवळ सुरकुत्या पडत नाहीत. ग्रेन आडवा असेल तर वही ताठ राहते, पाने उभीच राहतात आणि पाठीजवळ लाटा उठतात. ग्रेन ओळखण्यासाठी ताव न दुमडता दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. शंका उरलीच तर एक छोटा तुकडा एका बाजूने ओला करावा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, तोच ग्रेन.

इथे एक अडचण येते आणि नवशिक्यांना ती बहुधा कोणी सांगत नाही. बाजारातील ए-४ कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. तो मध्यावर दुमडून ए-५ आकाराची वही केली की घडी आखूड बाजूला समांतर पडते, म्हणजेच ग्रेन घडीला नेमका आडवा येतो. यावर उपाय दोन आहेत. लांब ग्रेनचा ए-३ ताव आडवा कापून त्याचे दोन ए-४ करावेत आणि ते दुमडावेत; किंवा ए-४ कापून त्याचे दोन ए-५ करावेत आणि ते दुमडून ए-६ आकाराची छोटी वही करावी. दोन्ही वेळा ग्रेन पाठीला समांतर येतो. हातकागदात तंतू सर्व दिशांनी विखुरलेले असल्यामुळे ही काळजी फारशी उरत नाही, आणि हातकागदाची वही इतकी सुखाने उघडते याचे एक कारण हेच आहे.

फर्मे तयार झाले की शिवण. जुजबंदीचे, म्हणजे फर्मे शिवून वही बांधण्याचे, तत्त्व साधे आहे: प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवायचा आणि शेजारच्या फर्म्याला गुंतवत पुढे जायचे. भोके पाडताना फर्मा अर्धा उघडून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत ठेवावा आणि टोचा नेमका घडीच्या रेषेत उतरवावा. टोचा केसभर बाजूला गेला तरी ते पान पुढे तिथूनच फाटते. दोरा तागाचा किंवा जवसाच्या धाग्याचा असावा आणि तो मधमाशीच्या मेणावरून एकदोनदा ओढून घ्यावा, म्हणजे गाठ सरकत नाही. दोरा ओढताना हात नेहमी पाठीच्या लांबीला समांतर जाऊ द्यावा. कागदाला काटकोनात, वर खेचलेला दोरा घडीला सुरीसारखा चिरत जातो आणि भोकाची चीर होते. पाठीला समांतर खेचलेला दोरा मात्र घडीतच बसतो. शिवण सैल झाली असे वाटले की बहुतेक जण जोर वाढवतात. वाढवायचा असतो तो जोर नव्हे. खेचण्याची दिशा तपासायची असते.

शिवणीचे प्रकार पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही फार जुने आहेत. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या पोथ्यांवरून ओळखली जाणारी साखळीची शिवण आजही छंद म्हणून वही बांधणाऱ्यांची सर्वांत लाडकी आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये मिळवलेले सेंट कथबर्ट गॉस्पेल हे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे छोटे पुस्तक याच पद्धतीने शिवलेले आहे आणि त्याची मूळ बांधणी अजून टिकून आहे. या शिवणीत पाठीला डिंक लागत नाही, वही कोणत्याही पानावर सपाट उघडते, आणि उघड्या पाठीवरची दोऱ्याची साखळी हीच तिची सजावट ठरते. जपानी चार भोकांची शिवण दिसायला तितकीच देखणी असते. पण तिच्यात दोरा घडीतून न जाता सगळ्या पानांना पाठीच्या कडेजवळ आरपार भेदतो, त्यामुळे वही सपाट उघडत नाही आणि कडेची जागा वाया जाते. पातळ कागदावरील चित्रांच्या संग्रहासाठी ती उत्तम आहे. रोज लिहायच्या वहीसाठी मी ती सुचवणार नाही.

आता पोटाकडे, म्हणजे वहीच्या फुगण्याकडे, वळू. चाळीस पानांच्या वहीत प्रत्येक पानावर काही ना काही चिकटवले आणि प्रत्येक पानाची जाडी केवळ ०.३ मिलिमीटरने वाढली असे समजा. पुढच्या कडेला वही १२ मिलिमीटरने वाढली. पाठ मात्र होती तेवढीच राहिली. हा बारा मिलिमीटरचा फरक पुठ्ठ्यांना दोन्हीकडे ढकलतो, शिवणीवर ताण आणतो आणि वही मिटू देत नाही. पूर्वीच्या बांधणीकारांनी चित्रे किंवा नकाशे चिकटवायच्या पुस्तकांसाठी यावर जो तोडगा वापरला, तोच आपल्यालाही लागू पडतो. फर्मे शिवण्यापूर्वीच दोन पानांच्या मध्ये साधारण दोन सेंटिमीटर रुंदीच्या दुमडलेल्या पट्ट्या घालाव्यात आणि त्या पानांबरोबरच शिवाव्यात. पट्ट्या पाठीजवळ जाडी निर्माण करतात आणि पुढे तेवढीच रिकामी जागा राहते. पाने भरत गेली की ती जागा भरते आणि वही पूर्ण झाल्यावर सपाट मिटते. पट्टी घालायला विसरले असल्यास दर तिसरे पान पाठीपासून दोन सेंटिमीटर ठेवून कापून टाकावे. उरलेला खुंट पट्टीचेच काम करतो, आणि त्याच खुंटावर एखादे घडीचे मोठे चित्र किंवा पाकीटही चिकटवता येते. कोरी असताना अशी वही पाठीकडे जाड आणि पुढे पातळ, थोडी विचित्र दिसते. ते दिसणे सहन करावे.

चिकटवण्यासाठी दोन मार्ग आहेत. एक मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि दुसरा पांढरा पीव्हीए गोंद. एक भाग पिठाला चार-पाच भाग पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळत शिजवलेली खळ गाळून आणि गार करून वापरावी. ती सावकाश सुकते, त्यामुळे कागद जागेवर सरकवायला वेळ मिळतो, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर ओलाव्याने सुटते. मात्र ती काही दिवसांत खराब होते आणि तिच्यात पाणी फार असते. पीव्हीए पटकन धरतो, पाणी कमी सोडतो, पण एकदा बसला की सुटत नाही. पुठ्ठ्यावर मी दोहोंचे मिश्रण पसंत करतो. काहीही वापरले तरी ओला कागद सुकताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, हे लक्षात ठेवावे. बाहेरून कापड किंवा नक्षीचा कागद लावलेला पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. आतून अस्तराचा कागद लावला की तो उलट ओढतो आणि पुठ्ठा सरळ होतो. पुठ्ठा, वेष्टन आणि अस्तर या तिन्हींचा ग्रेन एकाच दिशेने असेल तरच ही ओढाताण बरोबरीची होते. नंतर वही टीपकागदांमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली दाबावी आणि ओले झालेले टीपकागद मधूनमधून बदलावेत. घाई करून उन्हात ठेवलेली वही वाकडी होते, आणि ते वाकडेपण पुन्हा जात नाही.

वेष्टनासाठी कागद रंगवण्याचे जे प्रकार आहेत, त्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो रंगीत खळीचा. शिजवलेल्या खळीत रंग कालवून ती ओलसर कागदावर ब्रशने पसरायची आणि ती ओली असतानाच दाते कापलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने तिच्यावरून लाटा, चौकडी किंवा पंखे ओढायचे. दाता जिथून जातो तिथे रंग सरकून कडेला साचतो आणि मध्ये फिकी रेघ उमटते. रेघ पसंत पडली नाही तर ब्रश फिरवून पुसायची आणि पुन्हा ओढायची. पाण्यावर रंग तरंगवून केलेला अबरी कागद अधिक मोहक असतो. जपानमध्ये साध्या पाण्यावर शाईची वलये सोडून केलेल्या सुमिनागाशीचे बाराव्या शतकातील नमुने उपलब्ध आहेत, आणि तुर्कस्तानातील एब्रू कलेत पाणी वनस्पतिजन्य डिंकाने दाट करून त्यावर फुले काढतात. पण त्यासाठी साधने आणि धीर अधिक लागतो. नवशिक्याने खळीपासून सुरुवात करावी, कारण तिचे साहित्य हाताशी असतेच.

आतल्या पानांच्या बाबतीत टिकाऊपणाचा विचार फार थोडे जण करतात. वृत्तपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातील घटक राहिलेला असतो. तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो आणि त्या कागदातील आम्ल शेजारच्या पानावरही डाग उमटवते. म्हणून कात्रण चिकटवण्याऐवजी आम्लमुक्त कागदावर त्याची छायाप्रत काढून लावावी. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत तपकिरी होते आणि तिचा चिकट द्रव कागदात उतरतो. उष्णतेने छापलेली तिकिटे आणि पावत्या तर कोऱ्या होतात, त्यामुळे त्यांच्यावरील मजकूर शेजारी हाताने लिहून ठेवावा. फुले आणि पाने टीपकागदात दाबून पूर्ण कोरडी होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे तरी, ठेवावीत. आतून ओलसर राहिलेले फूल बुरशी आणते आणि ती एका पानावर थांबत नाही.

तयार छापील चित्रे, तयार वाक्ये आणि तयार चौकटी यांच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्यांचा थोडा वापर करण्यास हरकत नाही, पण त्यांच्यावरच उभी राहिलेली पाने कोणाच्याही वहीतली असू शकतात. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एखाद्या पानाच्या शिरांचा कच्चा आराखडा, किंवा त्या दिवशी वापरलेल्या रंगांचे चार ठिपके आणि त्यांची नावे, हे त्या वहीचे स्वतःचे असते आणि पुन्हा उघडल्यावर त्यातून काही कळते. रिकामी जागा सोडायलाही शिकावे लागते. ज्या पृष्ठावर लिहायचे आहे, त्याचा निम्मा भाग तरी पेनाला मोकळा हवा.

स्वतः बांधलेल्या सुंदर वहीत पहिले अक्षर उमटवताना अनेकांचा हात थांबतो. यावर धैर्याच्या गोष्टी सांगण्यापेक्षा बांधणीतच सोय करून ठेवणे मला बरे वाटते. पहिला ताव निव्वळ अस्तराचा ठेवावा, दुसऱ्या पानावर सर्व शाई, रंग आणि पेने यांची चाचणी घ्यावी, आणि सगळ्यात शेवटच्या पानावर कागदाचे ग्रॅम, ग्रेनची दिशा, फर्म्यांची संख्या, किती पट्ट्या घातल्या आणि कोणता गोंद वापरला, हे तारखेसह लिहावे. वही भरल्यावर ती सपाट मिटते की नाही, हे त्याच नोंदीखाली लिहिले, की पुढच्या वहीत पट्ट्या वाढवायच्या की कमी करायच्या ते तिथेच ठरते.