हेरिटेज समितीची मुदत कधी संपते?

नमस्कार, श्रोतेहो. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा अर्ज हेरिटेज समितीपुढे गेला, की समितीवर कोण आहे याची चौकशी सगळे करतात. ती माणसं तिथे किती काळ राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमांत अशासकीय सदस्यांची मुदत तीन वर्षांची होती. तीच व्यक्ती पुन्हा नेमता येत असे. आमच्या मते हा आकडा योग्य आहे. चुन्याचा बाहेरचा गिलावा भर पावसात करता येत नाही, म्हणजे वर्षातले चार महिने तसेच जातात. नकाशे, स्थळपाहणी, परवानगी आणि मग परांची; मोठ्या इमारतीला दोन हंगाम सहज लागतात. ज्यांनी अटी घातल्या त्यांनीच परांची उतरण्याआधी त्या तपासायच्या, तर दोन वर्षं अपुरीच.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. सगळ्यांची नेमणूक एकाच आदेशाने झाली, की मुदतही एकाच दिवशी संपते. नवा आदेश निघेपर्यंत फायली पडून राहतात. पदसिद्ध अधिकाऱ्यांवर भिस्त ठेवावी, तर त्यांची बदली ठरलेली!

यावर उपाय सोपा आहे. समजा, नऊ सदस्य आहेत. पहिल्या खेपेला चिठ्ठ्या टाकून तिघांना एक, तिघांना दोन आणि तिघांना तीन वर्षं द्यायची. पुढे प्रत्येकाला तीनच. मग दरवर्षी तिघे बदलतात, सहा जुने राहतात. मध्येच कुणी राजीनामा दिला, तर नव्या सदस्याला फक्त उरलेला काळ मिळावा. त्याला पूर्ण तीन वर्षं दिली, की बसवलेली घडी विस्कटलीच.

न्यूयॉर्कच्या लँडमार्क्स आयोगात, म्हणजे तिथल्या १९६५ साली स्थापन झालेल्या हेरिटेज समितीत, ११ सदस्य आहेत, मुदत तीन वर्षांची, तीही टप्प्याटप्प्याने संपणारी. मुदत सरली तरी नवा येईपर्यंत जुना सदस्य काम पाहतो. त्यामुळे काम अडत नाही. पण मुदत उलटलेला सदस्य केव्हाही बदलता येतो, आणि नेमणारे असतात महापौर. त्यांना न रुचणारं मत द्यायला असा माणूस कचरणारच. म्हणून ही सवलत ९० दिवसांपुरती असावी, आणि नव्या नावांचा शोध मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू व्हावा.

नाहीतर खुर्ची रिकामी राहते आणि तीही महागात पडते. न्यूयॉर्कमध्ये वास्तूला वारसा दर्जा द्यायला सहा मतं लागतात, जागा कितीही भरलेल्या असोत. चार जागा रिकाम्या असतील, तर उरलेल्या सातांपैकी दोघे नाही म्हणाले की प्रस्ताव पडला. तेव्हा आपल्या शहराचा नियम हाती आला, की आधी एवढं पाहा: बहुमत मंजूर जागांवर मोजतात, की भरलेल्या?