डिस्चार्ज मिळाला, आता जायचं कुठे?

हे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १९०१ पासून इथेच आहे, १,८५० खाटांचं. राज्यात सरकारची अशी चार मोठी हॉस्पिटलं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आणि तिथे काही माणसं अशी आहेत जी बरी झालीयत, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, गोळ्या वेळेवर घेतात, वॉर्डात चार कामंही करतात आणि तरीसुद्धा वर्षानुवर्षं आतच आहेत. का, तर न्यायला कोणी येत नाही. घरी पत्र पाठवलं तर परत येतं, फोन लावला तर नंबर बंद. बायकांचं तर अजूनच अवघड, माहेर म्हणतं सासरी विचारा, सासर म्हणतं आमचा आता काही संबंध नाही.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले, जनहित याचिका केली. कायदा तसा स्पष्ट आहे हो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्यावरून कुणाला हॉस्पिटलात ठेवून घेता येणार नाही, सरकारनं हाफवे होम, म्हणजे हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला टप्पा म्हणून काही काळ राहायची जागा, आणि सोबत मदत मिळेल अशी घरं उभी करायची. पण झालं काय, तर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं बंद करा. ज्या माणसाची अजून कामाची उमेद आहे त्याला वृद्धाश्रमात पाठवायचं? हे वाचून राग येतो आणि यायलाच पाहिजे.

गोळ्यांनी कानातले आवाज कमी होतात, झोप लागते, भीती ओसरते, ते व्हायलाच हवं, औषधं हवीतच. पण आजार कमी झाला म्हणजे आयुष्य आपोआप सुरू होत नाही. त्याला राहायला जागा लागते, अर्धं राहिलेलं शिक्षण लागतं, हातात पगार लागतो. ही पुढची गोष्ट आहे असं म्हणून आपण ती बाजूला ठेवतो आणि मग पेशंट परत आजारी पडला की म्हणतो, बघा, हे बरे होतच नाहीत.

चेन्नईत 'द बॅनियन' नावाची संस्था आहे, १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी सुरू केलेली. त्यांचा 'होम अगेन' प्रकल्प अगदी साधा आहे. नेहमीच्या वस्तीत घर भाड्यानं घ्यायचं, तिथे चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, सोबतीला एक मदतनीस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत जगभरातले चांगले नमुने दिलेत त्यात हा आहे, आणि रत्नागिरीतही हे काम आलंय.

आता अशाच एका घरात जाऊ. गाव सांगत नाही, चेहरेही दाखवत नाही. सकाळी गॅसवर चहा आणि पोह्यात साखर घालायची की नाही यावरून दोघींची जुंपलीय. मला ही भांडणं फार मोलाची वाटतात, कारण वॉर्डात बेल वाजली की ताट समोर यायचं, जे आलं ते खायचं, आवडनिवड विचारणारं कोणी नव्हतं. त्यातल्या एक ताई पहिल्यांदा भाजी आणायला गेल्या तेव्हा मदतनीस बाईंनी हातात पाचशेची नोट दिली आणि त्या नुसत्या बघत राहिल्या, म्हणाल्या ही खोटी आहे. त्या आत गेल्या तेव्हा जुन्या नोटा होत्या, २०१६ ची नोटाबंदी बाहेर होऊन गेली, यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याच ताई टोमॅटोवाल्याशी घासाघीस करतात आणि कोथिंबीर वरून फुकट मागतात. हे शिकवायला कुठली थेरपी नाही लागली, बाजार लागला, आणि बाजारात सोबत जाणारं माणूस लागलं.

मग शिक्षण. याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. स्किझोफ्रेनिया (ज्यात भास होतात, संशय येतो), बायपोलर (ज्यात मन कधी फार उंचावतं, कधी फार खचतं) यांसारखे आजार बऱ्याचदा सुरू होतात ते ऐन कॉलेजच्या वयात, म्हणजे बारावी, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, बीएडची परीक्षा, असं काहीतरी अर्धं राहतं आणि ते कायमचं राहतं. घरचे म्हणतात आता डोक्याला ताण नको. अहो, रिकामं बसण्याचा ताण त्याहून मोठा असतो! बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, घरी राहून पदवी करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट. कितीतरी पालकांना हे माहितीच नसतं, आणि माहिती असलं तरी तो शिक्का नको म्हणून सर्टिफिकेट काढत नाहीत. त्यांची भीती मला कळते, पण त्या भीतीपायी मुलीचा हक्क जातो.

नोकरीचंही तेच. १९९५ च्या जुन्या कायद्यात नोकरीतलं राखीव प्रमाण ३ टक्के होतं आणि त्यात मानसिक आजाराला जागाच नव्हती. २०१६ मध्ये ते ४ टक्के झालं आणि त्यातल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरेंसोबत मानसिक आजार आला. पण सरकारी भरती कितीशी निघते? बहुतेकांना काम मिळतं ते दुकानात, कॅन्टीनमध्ये, ऑफिसात डेटा एंट्रीला. तिथे इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, मधली सहा वर्षं काय करत होता?

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'तराशा' प्रकल्प २०११ पासून नेमकं हेच करतोय, मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी. वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहायची सोय बघायची, कामाचं ट्रेनिंग द्यायचं, नोकरी लावून द्यायची आणि लागल्यावरही पाठीशी राहायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण खरी अडचण नोकरी लागल्यानंतर सुरू होते. रात्रीच्या गोळीनं सकाळी अंग जड असतं, सहाची शिफ्ट जमत नाही, दहाची जमते. काही औषधांनी हात थरथरतो, मग बिलिंगला बसवण्यापेक्षा माल लावायला द्या. महिन्यातून एकदा फॉलोअपला जायचं असतं, त्या सुट्टीसाठी दरवेळी पोट दुखतंय असं खोटं सांगायला लागू नये. मालकाला यात खर्च जवळपास काहीच नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण जेवायची वेळ सांभाळू देतोच ना, मग इथे का अडतं?

आणि हे सगळं अडकतं सुरुवातीलाच, घरापाशी, कारण पत्ता नसेल तर आधार अपडेट होत नाही, बँकेत खातं निघत नाही, पगार जमा कुठे होणार? संस्था भाडं भरायला तयार असते पण सोसायटीची मीटिंग बसते आणि कोणीतरी म्हणतं इथे लहान मुलं आहेत. तुमच्या सोसायटीत अशी मीटिंग लागली तर तुम्ही तिथे जा आणि एवढं बोला की इतर भाडेकरूंकडून जे घेतो तेच यांच्याकडून घेऊ, तोच करार, तेच डिपॉझिट, तेच पोलीस व्हेरिफिकेशन, वेगळं काही नको.